डबी शोधायला निघालेल्या दोन सायकली

आपल्या वस्तीतल्या जुन्या घरांत अजूनही भिंतीला टेकवलेली एखादी काळी सायकल सापडते. आजोबा त्या सायकलवर एम्प्रेस मिलच्या नाहीतर मॉडेल मिलच्या पाळीला जात. हँडलला डबा लटकवलेला असे. पाळी संपली की त्याच सायकलवर सभेला, मोर्चाला, लग्नाच्या पंगतीला. त्या पिढीला व्यायाम करा म्हणून कुणी सांगितले नाही. पुढे मिल बंद पडल्या, दारात मोटरसायकल आली, आणि सायकल म्हणजे गरिबीची खूण असे मानून आपण ती अडगळीत टाकली. आता वस्तीत सायकलवर दिसतात ती शाळेची मुले.

त्याच घरांत आज फळीवर साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांची पाकिटे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. शंभर प्रौढांमागे ११ जणांना मधुमेह, आणखी १५ जण त्याच्या उंबरठ्यावर, आणि ३५ जणांना रक्तदाब. हा आजार बंगलेवाल्यांचा, असे म्हणण्याचे दिवस गेले.

डॉक्टर सांगतात, रोज चाला. आपण चार दिवस चालतो आणि पाचव्या दिवशी थांबतो. याला केवळ आळस म्हणून चालणार नाही. वस्तीत चालायला मोकळी जागा नसते. बाईमाणसाने सकाळी नुसते फिरायला निघणे हे शेजारपाजाऱ्यांना विचित्र वाटते. आणि मैदानाला गोल गोल फेऱ्या मारताना कुठे पोहोचल्याचे समाधानही मिळत नाही. व्यायाम टिकायचा असेल तर दोन गोष्टी लागतात. जायला ठिकाण आणि बरोबर माणूस. या दोन्ही गोष्टी देणारा एक खेळ आणि आमचा एक रविवार, याविषयी या वेळी लिहिते.

हा खेळ काय आहे?

या खेळाचे नाव जिओकॅशिंग. कुणीतरी एखादी डबी लपवून ठेवतो आणि ती जागा अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांत इतरांना सांगतो. शोधणारा मोबाईलमध्ये ते आकडे टाकून तिथे पोहोचतो, डबी शोधतो, आतल्या कागदावर सही करतो आणि डबी होती तशी परत ठेवतो. बक्षीस नाही, पैसा नाही. डबीत एखादी किरकोळ वस्तू असते. ती घ्यायची असेल तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची वस्तू आत ठेवायची.

खेळाचा जन्मही मजेदार आहे. उपग्रहांवरून जागा सांगणारी जीपीएस यंत्रणा अमेरिकन लष्कराची. सामान्य लोकांना मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम चूक घातलेली असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जायची. २ मे २००० रोजी ती चूक काढून टाकण्यात आली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने जंगलात एक काळी बादली ठेवली. त्यात वही, पेन्सिल, काही पुस्तके, एक गलोल आणि शेंगांच्या दाण्यांचा एक डबा होता. जागेचे आकडे त्याने इंटरनेटवर टाकले. तीन दिवसांत लोकांनी बादली शोधून काढली. आज जगभरात अशा ३० लाखांहून अधिक डब्या नोंदलेल्या आहेत.

मूळ कल्पना त्याहूनही जुनी. इंग्लंडमधल्या डार्टमूर नावाच्या माळरानावर १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने एका दुर्गम जागी बाटली ठेवली. तिथवर चालत येणारे लोक आपल्या नावाची चिठ्ठी त्या बाटलीत टाकत. म्हणजे उपग्रह नव्हते तेव्हाही माणसाला चालायला लावण्यासाठी एक बाटली पुरेशी होती.

माझी मैत्रीण

मी परिचारिका म्हणून पंचवीस वर्षे काम केले. माझी मैत्रीण अंगणवाडीत आहे, वय एकोणपन्नास. आम्ही दोघी इंदोऱ्याच्या. मागच्या पावसाळ्यात वस्तीत तपासणी शिबीर झाले. तिची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.३ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. कागद हातात घेऊन ती माझ्याकडे आली आणि काही बोलेना. तिच्या आईचा पाय साखरेने गुडघ्याखाली कापावा लागला होता, आणि शेवटची चार वर्षे आईला उचलून न्यायचे काम हिनेच केले होते. तिला आकडे समजावून सांगायची गरज नव्हती.

ती मैदानावर चालायला लागली. पंधरा दिवस चालली आणि थांबली. गुडघे दुखत होते, पण खरे कारण तिने वेगळेच सांगितले. "अवं, गोल गोल फिरून पुन्हा तिथंच. घाण्याच्या बैलावानी वाटते मले."

तेव्हा मी सायकलचा विषय काढला. लहानपणी ती बाबांच्या सायकलवर कैची मारायला शिकली होती. दांड्याखालून पाय घालून, तिरके होऊन. लग्नानंतर सायकल सुटली ती सुटलीच. तिला वाटत होते, आता तोल जमणार नाही. पण एकदा शिकलेली सायकल मेंदू विसरत नाही. तोल सांभाळण्याची सवय मेंदूच्या ज्या भागात मुरते तिथून ती सहसा पुसली जात नाही. पाय, कंबर आणि धीर मात्र नव्याने कमवावा लागतो. तिने भाचीची सायकल घेतली, मी मुलाची जुनी सायकल कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून दुरुस्त करून घेतली. ब्रेकचे रबर नवे, चेनला तेल, चाकात हवा. तीन आठवडे आम्ही पहाटे मैदानावर सराव केला. पहिल्या दिवशी दहा मिनिटे, मग पंधरा, मग अर्धा तास.

पोरांनी हसून घेतले. एक शेजारीण म्हणाली, "काऊन वं, या वयात सायकल? आटो नाही काय भेटत?" अशा बोलण्याने पुष्कळ जणी मागे फिरतात. म्हणून एक खरी गोष्ट सांगते. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टाई जिल्ह्यात १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत साक्षरता मोहीम चालली होती. शीला राणी चुंकत तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. अक्षरांबरोबर बायांनी सायकलही शिकावी, असे त्यांनी ठरवले. शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीतल्या बाया हजारोंनी सायकल शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तर त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या, कारण पुढच्या दांड्यावर मूल बसवता येते. पत्रकार पी. साईनाथ यांनी यावर लिहिले आहे. आधी त्यांनाही लोक हसले होते. मग पाणी आणणे, मूल शाळेत सोडणे, बाजार करणे हे सगळे कुणाच्या उपकाराशिवाय होऊ लागले आणि हसणे थांबले.

तो रविवार

मैत्रिणीचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. जिओकॅशिंगचे वेड त्याला तिथे लागले. जानेवारीत सुटीवर आला तेव्हा त्याने शहरात दोन डब्या लपवल्या, ओळखीच्या लोकांना विचारून, आणि पुण्याला गेल्यावर आईच्या मोबाईलवर फक्त आकडे पाठवले. संकेतस्थळावर नोंदलेल्या या डब्या नव्हत्या. हा घरचाच खेळ होता.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही सकाळी सातला निघालो. दोघींच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या, दोन केळी, गुळाचे खडे. पायात बूट, अंगात सलवार-कुर्ता, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. गळ्याभोवती जाड मफलर होता, तो थंडीसाठी आणि मांज्यासाठीही. नायलॉन मांज्यावर बंदी आहे, पण जानेवारीत आपल्या नागपुरात झाडाला, खांबाला तो लोंबत असतो आणि दुचाकीवाल्याचा गळा चिरतो. हे विसरू नये.

कोपऱ्यावर तीच शेजारीण उभी होती. "बाजारात चालल्या काय?"

"नाही वं. डबी शोधाले जाऊन राहिलो," मैत्रीण म्हणाली आणि पेडल मारले.

इंदोरा चौकातून कामठी रोडने मेट्रोच्या खांबांच्या कडेने कडबी चौक, गड्डीगोदाम, कस्तुरचंद पार्क. रविवार असल्याने गर्दी कमी. तरी मोठ्या रस्त्यावर आम्ही एकीमागे एक चाललो, बोलणे बंद. पहिला थांबा झिरो माईल. चार घोडे आणि मधला उंच खांब सगळ्यांनी पाहिला आहे. पण त्याच्याजवळ एक छोटा दगड आहे, त्याच्याकडे कुणी बघत नाही. इंग्रजांच्या काळात साऱ्या देशाची मोजणी झाली, त्या मोजणीचा हा दगड. समुद्रसपाटीपासून आपण किती उंचीवर आहोत ते त्यावर कोरले आहे. ती उंची १०२० फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर. दगडावर साल आहे १९०७.

इथे डबी नव्हती, फक्त कोडे होते. मुलाने पुढच्या जागेचे आकडे पाठवले होते, पण शेवटचे दोन आकडे रिकामे सोडले होते. "दगडावरच्या सालातल्या अंकांची बेरीज करून टाका." एक, नऊ, शून्य, सात. बेरीज सतरा. मैत्रिणीने मोबाईलमध्ये १७ टाकले आणि नकाशावर लाल खूण उमटली. आयुष्यभर या दगडाजवळून बसने गेलेली बाई तिथे उभी राहून तो वाचत होती. म्हणाली, "आपण किती उंचीवर राहतो हेही माहीत नव्हतं पाय."

पुढे विधानभवनावरून सिव्हिल लाइन्स. मोठी झाडे, रुंद रस्ता, सावली. इथे मात्र बाजूबाजूने चालवत गप्पा मारता आल्या. आकडे एका चहाच्या टपरीपाशी घेऊन गेले. मोकळ्या आभाळाखाली मोबाईल साधारण पाच मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो, झाडाखाली त्याहून ढोबळ. म्हणजे शेवटचे काही पाऊल डोळ्यांनीच शोधायचे. आम्ही बाकाखाली पाहिले, झाडाच्या बेचक्यात पाहिले, पाण्याच्या माठामागे पाहिले. टपरीवाले भाऊ सगळे माहीत असून मिशीत हसत होते. वीस मिनिटांनी मैत्रिणीचा हात लोखंडी पाटीच्या मागे गेला. चुंबकाने चिकटवलेली, औषधाच्या गोळ्यांची छोटी डबी.

आत कागदाची सुरळी होती. वर पुढचे आकडे, खाली लिहिले होते, "आई, सही कर. तारीख टाक." तिने सही केली, मग मी केली. चहा घेताना ती म्हणाली, "रजिस्टरात एवढ्या सह्या केल्या जिंदगीभर. पोषण आहाराची, लसीची, हजेरीची. स्वतःच्या हिंडण्याची सही आज पहिल्यांदा केली."

या वाक्यावर मला थांबावेसे वाटते. आपल्या बाया घराबाहेर पडतातच. पण कामाला, बाजाराला, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत, कुणाच्या मयतीला. ज्या फेरीत कुणाचे काही आणायचे नाही, कुणाला काही पोहोचवायचे नाही, अशी फेरी किती जणींनी वर्षभरात केली असेल? तपासणीला येणाऱ्या बायांना मी झोप, जेवण, गोळ्या सगळे विचारत आले. तो प्रश्न आता त्या यादीत घातला पाहिजे असे मला वाटते.

दुसरी डबी सेमिनरी हिल्सच्या बाजूला होती. तिथे चढ लागतो. अर्ध्यात तिचा श्वास वाढला, बोलता येईना, तेव्हा आम्ही उतरून सायकली हाताने नेल्या. यात कमीपणा नाही. शरीराला किती ताण पडतो आहे हे मोजायला यंत्र लागत नाही, बरोबरची मैत्रीण पुरते. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, हा बरोबर वेग. बोलणेही तुटायला लागले की वेग कमी करायचा. गाणे म्हणता येत असेल तर थोडा वाढवायचा.

वर ओळखीच्या चौकीदार काकांची चौकी. डबी त्यांच्या कुंपणाच्या आत दगडांच्या ढिगात होती. या वेळी पाच मिनिटांत सापडली. आत एक चकचकीत सायकलची घंटी होती, कारण भाचीच्या सायकलला घंटी नव्हती. मैत्रिणीने घंटी घेतली आणि डबीत अंगणवाडीतली रंगीत पेन्सिल ठेवली. काकांनी पान्याने घंटी बसवून दिली. मग फुटाळ्याकडचा उतार. उतारावर दोन्ही ब्रेक हलके दाबत यायचे, नुसता पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही.

तलावाकाठी केळी खाल्ली. परतताना दीक्षाभूमीवर सावलीत अर्धा तास बसलो आणि बारा वाजता घरी. जेमतेम चोवीस-पंचवीस किलोमीटर, पाच तास, त्यातला निम्मा वेळ थांबण्यात. तर्री पोह्यांचा मोह वाटेत तीनदा झाला, तो तिसऱ्यांदा अर्धी प्लेट आणि कमी तर्रीवर भागवला.

शरीरात काय होते?

मांड्यांचे स्नायू हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू. पेडल मारताना ते काम करतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्या वेळी त्यांना इन्सुलिनची गरज कमी लागते. हा परिणाम व्यायाम थांबल्यावरही एक-दोन दिवस राहतो, मग ओसरतो. म्हणून आठवड्यातून एकदाच पाच तास सायकल चालवण्यापेक्षा एक दिवसाआड अर्धा तास चालवलेली जास्त कामाची. सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नये. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सांगते, मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे. रविवारची फेरी हा आठवड्याचा सण समजा. रोजची भाकरी म्हणजे किराणा, शाळा, विहार या जवळच्या फेऱ्या सायकलवर करणे.

गुडघेदुखीवाल्यांना सायकल पळण्यापेक्षा सोपी जाते, कारण शरीराचे वजन सीटवर असते. मात्र सीट बरोबर उंचीवर हवी. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. बहुतेक घरांत सीट फार खाली असते आणि दोष गुडघ्यांना मिळतो.

मैत्रिणीची साखर तीन महिन्यांनी ६.० आली. हे एकट्या सायकलने झाले असे मी म्हणणार नाही. तिने रात्रीचा भात कमी केला, चहातली साखर अर्धी केली. पण भात कमी करण्याचा निश्चय टिकला, कारण सायकल टिकली, असे ती सांगते.

कुणी जपून?

इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर श्रमाने एकदम उतरू शकते. हातपाय थरथरणे, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड ही लक्षणे दिसली की लगेच थांबून तीन-चार चमचे साखर किंवा गूळ खावा. उपाशीपोटी निघू नये. गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. साखरेने पायाला बधिरपणा असेल तर चपलेवर सायकल नको, बूट घाला आणि घरी आल्यावर तळपाय तपासा.

आपल्या विदर्भात सिकलसेल घरोघरी ठाऊक आहे. वाहक असलेल्या, म्हणजे एएस असलेल्या माणसाला बेताची सायकल चालवायला हरकत नसते. त्याने पाणी भरपूर प्यावे आणि दमछाक होईपर्यंत ताणू नये. एसएस रुग्णाने मात्र डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. पाणी कमी पडणे, कडक ऊन, कडाक्याची थंडी आणि अति श्रम या चारही गोष्टींनी वेदनेचा झटका येऊ शकतो.

हृदयविकार झालेल्यांनी, बीपी आटोक्यात नसलेल्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, गरगरणे असे झाले तर बसून राहा आणि १०८ ला फोन करा. मार्च ते जून या महिन्यांत नागपुरी उन्हात सकाळी आठनंतर सायकल नको. घाम फार गेला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घोट घोट प्यावे. साखरेच्या रुग्णाने मात्र असे पाणी सवयीने पिऊ नये, साध्या पाण्यावर भर द्यावा.

आपल्या वस्तीत खेळ कसा मांडायचा?

त्यासाठी पैसे लागत नाहीत. मोबाईलच्या नकाशावर एखाद्या जागेवर बोट दाबून धरले की तिचे आकडे दिसतात. दशांश चिन्हानंतर पाच अंक असतील तर जागा मीटरभराच्या हिशेबात येते. शेवटचे दोन अंक चुकले तर शोधणारा शंभरेक मीटर भलतीकडे जातो. नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर वाटेत नेट नसले तरी जीपीएस चालते. ज्या घरात असा मोबाईल नाही त्यांनी चिठ्ठीवर खुणा लिहाव्यात. "विहाराच्या पायऱ्यांपासून पिंपळाकडे चाळीस पावले" एवढेही पुरते.

डबी झाकणाची, पाणी न शिरणारी हवी. आत वहीचा कागद, पेन्सिल आणि हा खेळ आहे असे सांगणारी चिठ्ठी. खाऊ ठेवू नये, उंदीर-मुंग्या येतात. खड्डा खणून पुरू नये. ज्याची जागा त्याला विचारल्याशिवाय ठेवू नये. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रेल्वे स्टेशन, बसस्थानक, सरकारी कचेरी, दवाखाना, स्मारक, गर्दीची जागा इथे बेवारस डबी दिसली तर लोक घाबरतात, पोलीस येतात. तिथे डबी कधीच नको. अशा ठिकाणी आम्ही झिरो माईलला केले तसे फक्त कोडे ठेवावे. पाटीवरचे साल, पायऱ्यांची संख्या, खांबांची संख्या. मुलांचा भूगोल आणि गणितही त्यात होते.

सुरुवात दोघींनी किंवा दोघांनी करावी. एकटीचा निश्चय थंडीत पांघरुणाखाली राहतो. दारात दुसरी सायकलची घंटी वाजवत उभी असली की उठावेच लागते. पहिले तीन आठवडे नुसता मैदानावर सराव, मग वस्तीच्या आत एक डबी, मग पाच किलोमीटरच्या आत दुसरी. ज्यांना सायकल येतच नाही त्यांनी चालत शोधावे, डबीला काही फरक पडत नाही. विहारात रविवारी जमणाऱ्या महिला मंडळाने महिन्याला एक डबी ठेवली आणि तिची वही वर्षअखेर उघडली, तर वस्तीतल्या किती जणी स्वतःच्या पायाने कुठवर जाऊन आल्या हे त्या सह्यांवरून दिसेल.

आमची पुढची फेरी कामठीकडे आहे. या वेळी डबी मैत्रीण लपवणार आहे आणि शोधायला तीच शेजारीण येणार आहे. तिने सायकल मागून घेतली आहे, सध्या मैदानावर दहा मिनिटांवर आहे.